जुन्या युनिव्हर्सिटी बिल्डिंगचं काम काढताय? आधी एक पावसाळा बादल्या मोजा

युनिव्हर्सिटीच्या इस्टेट विभागात इंजिनिअर म्हणून वीसेक वर्षं काढली आणि एक सीन इतक्या वेळा बघितला की पाठ झालाय. कुलगुरू राउंडला येतात, जुन्या दगडी बिल्डिंगमधल्या एखाद्या विभागात चहा घेतात, भिंतीचे पोपडे बघतात आणि म्हणतात, "अहो, हे जरा नीट करून घ्या की." पंधरा दिवसांत आर्किटेक्टचा थ्रीडी व्ह्यू तयार. त्यात काचेचा दरवाजा, फॉल्स सीलिंग, चकचकीत टाइल्स आणि कुंडीत पाम. बिल्डिंग गळते कुठून हा प्रश्न तोपर्यंत कुणीच विचारलेला नसतो.

तुम्ही विभागप्रमुख असाल, बांधकाम समितीवर नाव लागलं असेल, किंवा नवीन जेई (ज्युनिअर इंजिनिअर) असाल आणि फाईल तुमच्या टेबलावर येऊन पडली असेल तर हे तुमच्यासाठी. मी बोलतोय ते शंभर-सव्वाशे वर्षं जुन्या, चुन्यात बांधलेल्या दगडी बिल्डिंगांबद्दल, वर मंगलोरी कौलं नाहीतर लादीकोबा (तुळयांवर लाद्या आणि त्यावर चुन्याचा कोबा), पुण्यामुंबईत अशा भरपूर आहेत. सत्तरच्या दशकातल्या आरसीसीचं दुखणं वेगळं, औषधही वेगळं, ते इथे नको.

पहिले चार महिने हात लावू नका

जून ते सप्टेंबर बिल्डिंग नुसती बघायची. हे सांगितलं की मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडे असे बघतात जणू मी काम टाळतोय. पण जुन्या दगडी बिल्डिंगचे दहापैकी आठ आजार पाण्याचे असतात आणि पाणी कुठून येतं ते मार्च महिन्यात कुठल्याच कन्सल्टंटला दिसत नाही, त्याला दिसतो फक्त डाग.

आमच्याकडे एका विभागात एक शिपाई मामा होते, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली. पहिल्या पावसाआधी स्टोअरमधून बादल्या काढून ते बरोब्बर जागेवर नेऊन ठेवायचे, फरशीवर खडूचे गोल केलेले असायचे. मी प्लॅनची झेरॉक्स घेऊन त्यांच्या मागे फिरलो आणि एकेका गोलाला नंबर दिला. अकरा बादल्या. टेबलावर कागद पसरून बघितलं तर त्यातल्या सात एका सरळ रेषेत! वर चढलो, तर त्याच रेषेवर कौलांचे दोन उतार भेटतात तिथली पत्र्याची पन्हळ, पालापाचोळा आणि पारव्यांच्या घरट्यांनी ठासून भरलेली, आणि एका जागी पत्रा सडून हात जाईल एवढं भोक. आधीच्या एस्टिमेटमध्ये अख्खं छप्पर उतरवून नवीन करायचं धरलेलं होतं. लागली फक्त ती पन्हळ, तिच्या दोन्ही बाजूंच्या रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) आणि काही कौलं.

तर बादल्यांचा नकाशा करा, आणि नुसतं कुठे गळतं ते नाही तर कधी गळतं तेही लिहा. पाऊस चालू असताना टपकतं आणि थांबला की थांबतं, म्हणजे कौल किंवा पन्हळ. पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांनी सुरू होतं आणि मग दिवसभर चालतं, म्हणजे पाणी भिंतीत नाहीतर कोब्यात मुरलंय आणि तिथून सावकाश येतंय. आणि फेब्रुवारीतही ओल आहे, म्हणजे पावसाचा काही संबंध नाही, वरच्या मजल्यावरचं टॉयलेट बघा, ते नव्याण्णव टक्के नंतर कधीतरी चिकटवलेलं असतं आणि मूळ भिंतीशी त्याचा जोड फाटलेला असतो. जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंतच ओल आहे, तर ती खालून चढतेय, बाहेर जाऊन बघा, डांबर टाकून टाकून रस्ता जोत्याच्या किती वर आलाय.

दर सोमवारी त्याच जागेवर उभं राहून त्याच भिंतीचा मोबाईलवर फोटो काढायचा, एवढं केलं तरी सप्टेंबरअखेर तुमच्याकडे कन्सल्टंटपेक्षा जास्त माहिती असते. भेगा असतील तर त्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवा, दोन्ही टोकांना पीओपी, शेजारी पेन्सिलने तारीख. काच तडकली तर भेग अजून चालतेय. तीन ऋतू काच तशीच राहिली तर ती भेग म्हाताऱ्या माणसाच्या सुरकुतीसारखी आहे, बुजवा आणि विसरा. हे दहा रुपयांचं काम आहे, म्हणून कुणी करत नाही.

गंमत बघा, पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे पूर्वीचं गणेशखिंडचं गव्हर्नमेंट हाऊस, १८६४ला काम सुरू होऊन १८७१ला संपलं, आणि ते मुळात बांधलं होतं मुंबईच्या गव्हर्नरच्या पावसाळी मुक्कामासाठी. १९४९ला विद्यापीठ आलं. त्या काळच्या लोकांना पाऊस कळत होता. छज्जे, जाड पन्हळी, उंच जोतं, व्हरांडे, हे सगळं शोभेसाठी नव्हतं. आपण व्हरांडे बंद करून केबिनी काढल्या आणि मग ओल येते म्हणून ओरडतो.

कागद शोधा

बिल्डिंगचे मूळ नकाशे तुमच्या ऑफिसात नसतातच, असले तरी कपाटाची चावी नसते. पीडब्ल्यूडीच्या जुन्या रेकॉर्डला विचारा, मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या बिल्डिंगमध्ये राज्याचं पुराभिलेखागार आहे तिथे जुनी सरकारी बांधकामाची कागदपत्रं आहेत, एखादा इतिहास विभागातला रिसर्च स्टुडंट पकडा आणि पाठवा, त्याला पेपर मिळेल तुम्हाला नकाशा. नाहीच मिळालं तर जुने ग्रुप फोटो काढा. पदवीदान, निरोप समारंभ, हॉकी टीम, हे सगळे फोटो पोर्चमध्येच काढलेले असतात आणि मागे बिल्डिंग दिसते. एका फोटोवरून आम्हाला कळलं की ज्या भिंतीला सगळे मूळ समजत होते ती मागाहून बुजवलेली कमान होती, आणि तिच्यावर वरच्या मजल्याची पार्टिशन उभी होती.

नकाशे असोत नसोत, नव्याने मोजमाप करून घ्याच. लेझर स्कॅन परवडत असेल तर उत्तम, नसेल तर टेप, पण प्रत्येक खोलीचे कर्ण मोजायला लावा, जुन्या खोल्या काटकोनात नसतात.

हेरिटेज यादीत नाव आहे का ते पहिल्याच आठवड्यात बघा. मुंबईत १९९५पासून हेरिटेजचे नियम आहेत, ग्रेड एक, दोन, तीन अशी वर्गवारी आहे, आणि मुंबई विद्यापीठाचा फोर्ट कॅम्पस तर ३० जून २०१८ला जागतिक वारसा ठरलेल्या भागातच येतो. ग्रेड वन असेल तर आतल्या बदलांनाही हेरिटेज समितीची परवानगी लागते असं समजूनच चाला. परवानगीला वेळ लागतो, लागू दे, त्या वेळात बाकीचं करा. यादीत नसेल तरी संवर्धनाचा अनुभव असलेला आर्किटेक्ट घ्या, मॉलवाला नको.

स्ट्रक्चरल ऑडिट म्हणजे हातोडा नव्हे

आमच्याकडे एकदा एका एजन्सीने दगडी भिंतीच्या प्लास्टरवर रीबाउंड हॅमर मारून "कॉंक्रीटची ताकद" काढून दिली होती, रिपोर्ट छान स्पायरल बाइंडिंगचा, बिल पण निघालं. हॅमर, अल्ट्रासोनिक वगैरे टेस्ट कॉंक्रीटसाठी आहेत, त्या नंतर जोडलेल्या आरसीसी भागावर करा. दगडी भिंतीत काय करायचं तर दोन-चार जागी उघडून बघायचं. जाड भिंत म्हणजे बाहेर दगड, आत दगड आणि मधे भर असते, ती भर वाहून गेली की भिंत पोकळ होते, लाकडी हातोडीने ठोकत गेलं की आवाजातच कळतं. चुन्याचा नमुना लॅबला द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लाकडी तुळयांची आणि कैच्यांची (छपराच्या त्रिकोणी सांगाड्यांची) भिंतीत गेलेली टोकं बघा. मधला सागवान शंभर वर्षांनीही खणखणीत असतो, सडतं ते भिंतीत झाकलेलं टोक, कारण ओल तिथेच, वाळवीही तिथेच. लादीकोबा किंवा जॅक आर्च (गर्डरांमधल्या विटांच्या बसक्या कमानी) असेल तर लोखंडी गर्डरची टोकंसुद्धा त्याच कारणासाठी.

फॉल्स सीलिंग असेल तर आधी काढा. आमच्या एका विभागाने गळतं म्हणून खालून फॉल्स सीलिंग मारून घेतलं होतं, डाग दिसायचे बंद झाले, सगळे खूश. सहा वर्षांनी मी एक पॅनेल सरकवून टॉर्च मारला तर तुळईचं टोक हाताने कुस्करलं जात होतं, अक्षरशः ओल्या बिस्किटासारखं, आणि खाली बत्तीस मुलांचा वर्ग चालू. त्या दिवशी खोली रिकामी केली, टेकू लावले, आणि मग टेंडर वगैरे.

सिमेंटचा मोह

कॉन्ट्रॅक्टर म्हणणार, "साहेब, चुन्यात थोडं सिमेंट टाकू, लवकर सेट होतं." नको म्हणा. दगडी भिंत पाणी पिते आणि सांध्यातून, प्लास्टरमधून ते सोडते, तिथला चुना मऊ असतो म्हणूनच. सांधे सिमेंटने बंद केले की पाण्याला वाट उरत नाही, मग ते आत येतं नाहीतर दगडातून निघतं, बरोबर क्षार आणतं, आणि पोरबंदरसारखा मऊ दगड असेल तर त्याचा चेहरा भुगा होऊन पडतो. आतमध्ये सिमेंटचा डॅडो (भिंतीच्या खालच्या भागावरचा पट्टा) मारला की ओल डॅडोच्या वर जाऊन बसते, तुम्ही चार फुटांचा केला तर ती पाच फुटांवर. म्हणून एस्टिमेटमध्ये जुनं सिमेंट पॉइंटिंग (दगडांच्या सांध्यांत भरलेलं सिमेंट) आणि प्लास्टर सावकाश काढणं हे वेगळं आयटम म्हणून धरा, ब्रेकरने नाही, छिन्नीने.

चुना भिजवून मुरवायला वेळ लागतो, म्हणून वर्क ऑर्डर मिळाल्याच्या दिवशीच चुन्याची टाकी भरायला घ्या, असं टेंडरमध्येच लिहा. दगडाचंही तसंच, मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर कुर्ल्याच्या पिवळसर दगडाचा आहे, आज कुर्ल्यात खाण कुठे शोधणार? तुमच्या बिल्डिंगच्या दगडाला जुळणारा दगड कुठे मिळतो हे डिझाइनच्या वेळीच बघायचं असतं, साइटवर नाही.

पिंपळ उगवला असेल तर वरून तोडून काही होत नाही, तो दुप्पट जोमाने येतो. मुळापर्यंत दगड सोडवून, नंबर घालून, मूळ काढून परत बसवायचं. तेही वेगळं आयटम.

कोणाला काय हवंय

आता विभागांच्या मागण्या घ्या, आधी नाही. प्रत्येकाला एसी, प्रत्येकाला केबिन, आणि "एक छोटंसं ग्रंथालय वरच्या मजल्यावर". हे छोटंसं ग्रंथालय भयंकर असतं. आयएस ८७५ या भारांच्या भारतीय मानकाप्रमाणे वर्गखोलीला दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन म्हणजे साधारण ३०० किलो भार धरतात, आणि पुस्तकांच्या स्टॅक रूमला ६, तोसुद्धा २.२ मीटर उंचीपर्यंत, त्यापुढे प्रत्येक मीटरला आणखी २. म्हणजे लाकडी तक्तपोशीवर वर्ग चालतो म्हणून ग्रंथालय चालेल असं अजिबात नाही. पुस्तकं, सर्व्हर, यूपीएसच्या बॅटऱ्या, सगळं जड तळमजल्यावर.

वायरिंगमध्ये कंजूषी नको. जुनं वायरिंग पंखे आणि दिव्यांसाठी होतं, आता लॅबमध्ये चाळीस कॉम्प्युटर आणि आठ एसी. एकूण लोड काढा आणि वीज कंपनीकडे वाढीव लोडचा अर्ज डिझाइनच्या टप्प्यालाच टाका, नाहीतर उद्घाटन होतं आणि एसी पुढच्या उन्हाळ्यात चालू होतात. एसीचे बाहेरचे युनिट दर्शनी भिंतीवर लटकवायचे नाहीत, मागच्या बाजूला एक जागा ठरवा, आणि त्यांचं टपकणारं पाणी पाइपात घ्या, भिंतीवर सोडू नका. भिंत कोरडी करायला लाखो घालायचे आणि मग एसीने वर्षभर ओली ठेवायची असला प्रकार मी बघितलाय.

रॅम्पचं गणित पहिल्या दिवशी करा. उतार १ला १२. जोतं तीन फूट असेल तर रॅम्प छत्तीस फूट, अधिक लँडिंग. तो पोर्चसमोर मावत नाही, बाजूच्या दाराने घ्यावा लागतो, म्हणजे मग ते दार मुख्य होतं, पार्किंग हलतं, सगळा प्लॅन हलतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर हे ऐच्छिक राहिलेलं नाही. लिफ्ट शक्यतो मागच्या बाजूला, बाहेर, स्वतःच्या पायावर. आग लागली तर दुसऱ्या जिन्याने खाली येता येतं का, तेही बघा, मागचा जिना बहुतेक ठिकाणी स्टेशनरीचं गोडाऊन झालेला असतो. तो मोकळा करणं हे सगळ्यात स्वस्त फायर सेफ्टीचं काम.

हलवाहलवी

याला कुणी प्लॅनिंग समजत नाही आणि सगळी कामं इथेच अडकतात. विभाग कुठे जाणार, किती दिवस, प्रॅक्टिकल कुठे होणार, परीक्षा केंद्र कुठलं, हे लेखी ठरल्याशिवाय टेंडर काढू नका. डेडस्टॉक रजिस्टर (सामानाची नोंदवही) काढा, निर्लेखन समिती (मोडकं सामान वहीतून कमी करणारी) सहा महिने आधी बसवा, कारण निम्मं सामान मोडकं असतं पण कुणी सही करायला तयार नसतं. केमिस्ट्री असेल तर जुन्या बाटल्यांचा वेगळा दिवस. आणि जुना सागवान, पितळी बिजागऱ्या, मिंटन टाइल्स, दिव्यांच्या हंड्या, सगळ्याला नंबर घालून फोटो काढून कुलपात. नाहीतर ते "डेब्रिज"मध्ये जातं आणि मग कुणाच्या तरी फार्महाउसवर दिसतं.

छज्ज्याखाली आग्या मोहोळ असेल तर परांची बांधायच्या आधी त्याचा बंदोबस्त. हसू नका, आमचं काम नऊ दिवस बंद होतं.

पैसे आणि टेंडर

डीएसआरमध्ये, म्हणजे सरकारी दरसूचीत, विटा, कॉंक्रीट, टाइल्स सगळ्याचे रेट आहेत, चुन्याच्या पॉइंटिंगचे आणि कोरीव दगड बदलायचे मिळतीलच असं नाही. तिथे रेट अ‍ॅनालिसिस करावं लागतं, कोटेशनं जोडावी लागतात, ऑडिटवाले तेच विचारतात, तेव्हा फाईलमध्ये आधीच लावून ठेवा. अनपेक्षित खर्चाला नव्या बिल्डिंगसारखे तीन-पाच टक्के धरू नका, माझ्या मते पंधरा तरी हवेत, प्लास्टर उतरवल्यावर आत काय निघेल ते देवालाच माहीत. जास्त दिसतात म्हणून कुणी कापायला लागलं तर सांगा, कापू नका, वेगळं शीर्ष ठेवा.

सगळ्यात कमी रेटवाल्याला काम देणं भाग असतं, मान्य. पण दोन लिफाफ्यांच्या पद्धतीत टेक्निकल लिफाफ्यात गाळण लावता येते. चुन्यातलं काम केल्याचा दाखला मागा, आणि काम मिळाल्यावर आधी एक मीटर बाय एक मीटरचा नमुना करून घ्या, तो मंजूर झाल्याशिवाय पुढचं बिल नाही. तो तुकडा शेवटपर्यंत तसाच ठेवायचा, भांडण झालं की त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं.

कॅलेंडर उलटं मोजा

१ जूनला छप्पर बंद पाहिजे, हे पक्कं. तिथून मागे या. छपराचं काम सहा-सात महिने धरा, म्हणजे उघडायचं नोव्हेंबरच्या सुरुवातीला, दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास. वर्क ऑर्डर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. टेंडर जुलै-ऑगस्टमध्ये. मग बांधकाम समिती, व्यवस्थापन परिषद, तांत्रिक मान्यता हे सगळं जानेवारी ते जून. आणि त्याच्या आधीचा पावसाळा बादल्यांचा. म्हणजे आज जूनमध्ये सुरुवात केली तर छप्पर बंद होतं दोन वर्षांनी. मार्च एन्डला पैसे खर्च दाखवायचे म्हणून फेब्रुवारीत छप्पर उघडणारे असतात, आमच्या शेजारच्या एका कॉलेजात एप्रिलमध्ये उघडलं होतं, मेअखेर वळवाने धुतलं, वरच्या मजल्यावरचे वीसेक वर्षांचे प्रबंध ओले झाले.

आतलं प्लास्टर आणि रंग पुढच्या पावसाळ्यानंतरच. छपराने एक पावसाळा काढून दाखवला, भिंती सुकल्या, मग आत. जाड भिंत एका उन्हाळ्यात सुकत नाही. नॅकची (मूल्यांकनाची) टीम येणार म्हणून घाईने डिस्टेंपर मारायचा आग्रह होईल. सांगा त्यांना, राजाबाई टॉवर बांधायला १८६९ ते १८७८ लागली आणि त्याची दुरुस्ती २०१३ ते २०१५ चालली, तिथेही कुणाला तरी घाई असणारच. फारच झालं तर फक्त पोर्च आणि कुलगुरू ज्या वाटेने येणार ती वाट रंगवा, चुन्याचाच रंग, मी तेच केलंय.

कॉन्ट्रॅक्टरची डिपॉझिट रक्कम दोन पावसाळे तरी धरून ठेवायची, एक नाही, आणि हे टेंडरमध्ये असलं पाहिजे. आणि शेवटचं बिल निघण्याआधी पन्हळीपर्यंत जाणारी पक्की लोखंडी शिडी आणि वर चालायला फळी बसवून घ्या, कारण शिडी नसली की वर कुणी चढत नाही. दरवर्षी १५ मेला पन्हळी साफ, हे काम पदाच्या नावाने नाही तर माणसाच्या नावाने ऑफिस ऑर्डरमध्ये घाला. आमच्या त्या मामांच्या जागी आता त्यांचा पुतण्या कंत्राटावर लागलाय, तोच चढतो. बादल्या स्टोअरमध्येच आहेत, खडूचे गोल मात्र फरशी घासताना पुसले गेले.